नानांचा नमुना

महिन्यापूर्वी जळगावच्या पिंप्राळ्याहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, प्रयोगशाळेत होते. "नाना गेले," तो म्हणाला आणि लगेच पुढे, "भरीत-पुरी खात होते गं. दुसऱ्यांदा वाढायला सांगितलं आणि..." रडता रडता मला हसू फुटलं. डॉक्टरांनी बंद केलेलं एकही खाणं नानांनी कधी बंद केलं नव्हतं.

नाना माझे थोरले काका. धुळ्याच्या बसस्थानकावर आयुष्यभर वाहतूक नियंत्रक होते, निवृत्तीनंतर जळगावात राहायला आलेले. माझं संशोधन हृदयाच्या पेशींतल्या आरएनएवर. घरात कुणी त्याबद्दल विचारायचं नाही. नानांनी मात्र एका लग्नाच्या पंगतीत मला समजावून सांगेपर्यंत उठू दिलं नाही. मी म्हटलं, "पेशीच्या केंद्रात डीएनए बसून असतो. त्याच्या हुकमाची नक्कल घेऊन आरएनए बाहेर जातो, मग प्रथिनं बनतात. पण काही छोटे आरएनए ती नक्कल वाटेतच अडवतात."

"म्हंजे गाडी निंघनी, पन कंट्रोलरनी फाटकवर अडाई दिनी! आन कंट्रोलरच चुकना तं?"

"तर हृदय बिघडतं, नाना."

त्या दिवसापासून जळगावात माझ्या विषयाचा प्रसार नानांनी हाती घेतला. न्हावी, भाजीवाली, कुणी सुटलं नाही. दोन वर्षांपूर्वी बायपाससाठी पुण्यात आणलं, तर थेट सर्जनलाच म्हणाले, "रस्ता तुम्ही नवा कराल साहेब, पण आतल्या कंट्रोलरचं काय?"

शस्त्रक्रियेत निघणारा हृदयाचा छोटा तुकडा संशोधनाला द्यायला नानांनी आनंदाने सही केली. मग कळलं, त्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक. तो कुणाचा, हे आम्हालाही कळत नाही. नाना ताडकन उठून बसले. "गाडीले नंबर ऱ्हास, मानूसले नाव ऱ्हास!" नर्सने समजावलं, मी समजावलं. शेवटी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आत नेताना मात्र त्यांनी माझा हात धरला.

"बेटा, वळखशीन ना माले?"

"हो नाना," मी खोटं बोलले.

आमच्या शीतकपाटात अशा नमुन्यांच्या नळ्यांची रांग आहे. त्यातली नानांची कुठली, ते मला कधीच कळणार नाही... गेल्या आठवड्यात एका नळीने फार छळलं. तीनदा आरएनए वेगळा काढायचा प्रयत्न केला, तिन्ही वेळा तो तुटूनच हाती आला. सहकारी वैतागून म्हणाली, "काय नमुना आहे गं हा!"

मी चौथ्यांदा नळी उचलली आणि सहकारिणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं, "नाना, आता तरी ऐका."