वहिनीनं ओसरीत दिलेली जागा

पुण्यातलं माझं हे छोटं दुकान उभं राहिलं ते माझ्या वहिनीमुळे. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

मी नववीतून शाळा सोडलेली. पुण्यातल्या एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी मिळाली, तीच घट्ट धरून बसलो होतो. मग कंपनीनं घरून काम करायला सांगितलं आणि मी आमच्या गावी, बीबीला, भावाच्या घरी आलो. रेंज फक्त ओसरीत यायची. वहिनीनं तिथंच माझं टेबल लावून दिलं.

पण उन्हाळा लागला, आणि ओसरी पापड लाटणाऱ्या बायांनी भरली. आमच्याकडे पापड एकटीनं लाटत नाहीत. आज हिच्या घरचे, उद्या तिच्या. फोन आला की मी हात वर करायचो. सगळ्या चिडीचूप, नुसती लाटणी फिरायची. फोन ठेवला की हशा. शेजारची काकू विचारायची, "काऊन रे, तुया सायबाले आमचं खोकलनं चालते का?"

एक दिवस वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमच्या कंपनीपायी आम्ही मुक्या बसतो. आता आमच्यासाठी बोला न कोणाशी."

"काय बोलू?"

"पुण्यात आपल्याकडची माणसं नाईत काय? त्याइले पापड नाही लागत?"

सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांना फोन लावले. पापड गेले, मग कुरडया, शेवया. मागणी वाढत गेली, आणि नेमकं तेव्हाच कंपनीनं ऑफिसात परत बोलावलं. दोन्ही जमणार नव्हतं. नोकरी सोडली आणि धंदा बुडाला, तर नववीवाल्याला परत कोण घेणार? मला जेवण जाईना.

वहिनीनं ताट पुढं सरकवलं. "भेव वाटते तं वाटू द्या. नाही जमलं तं घरी या. तुमच्या वाटची भाकर काई कोणी पळवत नाही."

त्या बोलण्यावर राजीनामा दिला. आता पुण्यात मी विकतो, तिकडून वहिनी आणि त्या बाया माल पाठवतात. भीती अजून आहेच. गिऱ्हाईक तासभर आलं नाही तरी मी गल्ला परत मोजायला घेतो.

पण माझ्या ऑर्डरींपायी वहिनी या उन्हाळ्यातही माहेरी, संग्रामपूरला गेली नाही. विचारलं तर म्हणाली, "जाईन न, पापड झाले की." पापड होईस्तोवर पावसाळा आला.

वहिनी, एका उन्हाळ्यात मी दुकान बंद ठेवून घरी येईन. बायांचा चहा, उन्हातल्या पापडांची राखण, सगळं माझ्याकडे. तुम्ही महिनाभर माहेरी जायचं. नक्की.