सायकलीचं पोट

अख्ख्या मध्यप्रांतात माझ्या साडूंइतका अन्यायी माणूस दुसरा झाला नसेल, आणि हे मी साडू म्हणून नव्हे, सायकलवाला म्हणून सांगतो. माणसावर अन्याय झाला तर कोर्टकचेऱ्या आहेत. यांनी अन्याय केला तो माझ्या सायकलीच्या मागच्या चाकावर, त्याची दाद कुठे मागायची? आमच्या साऱ्या गोतावळ्यात गियरच्या सायकली दोनच. साडूंची सायकल विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या लिलावातली. तिचं गियर मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे आऱ्या जुळतात त्या मधल्या नळकांड्यात, डब्यासारखं बंद. माझी एका फ्रेंच पाद्र्याकडून घेतलेली. तिच्या मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्या, आणि साखळी एकीवरून दुसरीवर ढकलणारा एक लोखंडी हात बाहेर लोंबणारा. एवढाच काय तो फरक. पण या फरकापायी साडूंनी मला जबलपूरच्या भर गोरखपुर बाजारात, भाजीवाल्यांच्या देखत थांबवून विचारलं होतं, "काहून रे, आतडी बाहेर टांगून फिरून राहिला? लाज नाही वाटत?" भाजीवाल्यांनी वाकून माझ्या चाकाकडे पाहिलं. एकानं तर, "सच्ची, बाबूजी," म्हणून मान हलवली. आजही ते आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

लांबच्या प्रवासाला कुठलं गियर चांगलं, आतलं की बाहेरचं, यावर आमचा वाद वर्षानुवर्षं चालला. ते म्हणायचे, आतल्या गियरला धूळ नाही, चिखल नाही, गाईचं शेण नाही. साखळी सरळ चालते, आणि उभ्या उभ्यासुद्धा गियर बदलतं. मी म्हणायचो, सगळं कबूल, पण वाटेत बिघडलं तर? माझं कसं, पाना घेतला, वाकलेलं सरळ केलं, चला पुढे. तुमच्या तुंब्यात काय चाललंय ते कोणत्या देवाला कळणार? त्यावर ते हसायचे. "बिघडतच नाही भैया, तर उघडायचं काहून?" आणि मी पुढचं बोलायच्या आत सायकलीवर टांग टाकून निघून जायचे. वादात शेवटचं वाक्य त्यांचं असे, कारण ते संपताच ते जागेवर नसत. मोठ्या मेहुणीचा नवरा म्हणजे वयानं आणि मानानं मोठा, त्यामुळे मागून ओरडायचीही सोय नाही.

बरं, हे वेड सायकलीपुरतं असतं तर मी सोसलं असतं. या माणसाला जगातली कुठलीच वस्तू आतून बाहेर दिसलेली चालत नसे. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक उघडा दिसतो म्हणून अख्ख्या काचेवर आतून खाकी कागद चिकटवला होता; घड्याळ बंद पडलं तरी ते कुणाला आठवडाभर कळलं नाही. जेवणात भरली वांगी, करंजी, कचोरी, पुरणपोळी, म्हणजे ज्याचं सारण आत, ते सारं पवित्र. थालीपीठ वाढलं की ताट सरकवत. "सगळा कांदा-मसाला वरच दाखवून ठेवला. हे काय पदार्थ आहे? हे तर नोटीसबोर्ड आहे!" माझ्या बायकोनं निगुतीनं केलेल्या थालीपिठाला नोटीसबोर्ड म्हणणाऱ्या माणसाबद्दल मी शांत कसं राहायचं, तुम्हीच सांगा. आणि गंमत अशी की स्वतःच्या तोंडात या गृहस्थांच्या तीळसुद्धा भिजायचा नाही. मी कचेरीत मोठ्या साहेबाच्या शिव्या खाल्ल्या, ही गोष्ट मी फक्त त्यांना, शपथ घालून सांगितली, तर संध्याकाळी जवळच्या पाटन गावाहून हरभरा विकायला आलेला अनोळखी माणूस मला म्हणाला, "दिल पे मत लेना, जी." गियर तेवढं पोटात, बाकी सगळं बाजारात!

त्यांच्या पोटात खरोखर राहिलेली गोष्ट एकच होती, आणि ती मला उशिरा दिसली. त्या वर्षी अधिक महिना आला. अधिकात जावयांना नागपूरला सासरी बोलावून अनारशांचं वाण द्यायची रीत. अनारसा म्हणजे साडूंच्या शास्त्रात सर्वांत निर्लज्ज पदार्थ: खसखस बाहेर, वर जाळी, आत काहीच नाही. पण सासूबाईंच्या हातच्या अनारशाबद्दल त्यांनी कधी ब्र काढला नाही. ते चुलत्याच्या घरी वाढलेले. तिथे पंगत उठली की राहील ते यांच्या वाट्याला. सासूबाई मात्र अधिकातल्या वाणाच्या दिवशी थोरला जावई जेवल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. "माझ्यासाठी कोणी भुकं राहते," एवढंच ते एकदा बोलले होते, आणि लगेच माझ्या गियराला शिव्या घालायला लागले. सासूबाई आता फार थकल्या होत्या. पुढच्या अधिकाला आपण नसू, हे त्यांनीच कळवलं होतं. मी म्हटलं, आगगाडीनं जाऊ. साडू म्हणाले, "नाही. सायकलनंच जाऊ, आणि रस्त्यातच फैसला होऊन जाऊ दे."

निघण्याआधी त्यांनी आपली सायकल गोरखपुरातल्या मिस्त्रीकडे तपासायला दिली. आम्ही निघालो तेव्हा कोवळं ऊन होतं, पावसाळा सरत आला होता, आणि साडू माझ्या पुढे, धोतराला चिमटे लावून, विजयी मुद्रेनं. धूमा गावाच्या चढावर त्यांची सायकल बारीक शिट्टी वाजवू लागली. मी म्हटलं, "भाऊ, आवाज येऊन राहिला." ते म्हणाले, "गाऊन राहिली ती. तुझ्यावालीसारखी खडखडत नाही." सिवनीला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी वाणाची तिथी होती. कुरईच्या अलीकडे शिट्टीचं किंचाळणं झालं, मग खरखर, आणि मग चाक जे अडकलं ते अडकलंच. तुंबा हाताला चटका बसेल इतका तापलेला. दोन्ही बाजूंना साग, माणूस नाही काणूस नाही, नागपूरची एकुलती सर्व्हिस मोटार पहाटेच निघून गेलेली.

साडू रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि मिस्त्रीच्या नावानं खडे फोडू लागले. "नालायक! मी स्वतः सांगितलं त्याला, चांगलं शुद्ध हिंदीत. मिस्त्री, घाट चढना है, गियर एकदम खाली करके रखना. त्यानं विचारलं, पूरा खाली? मी म्हटलं, हां भाई, पूरा खाली!"

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. घरात मराठी आणि दारात हिंदी बोलणाऱ्या आम्हा जबलपूरकरांनाच हे जमू शकतं. यांच्या मनात होतं की गियर खालचं, चढाचं लावून ठेव. मिस्त्रीनं हिंदीतलं 'खाली' ऐकलं, म्हणजे गियर रिकामं कर. त्या बिचाऱ्यानं तुंबा उघडून तेलाचा थेंब न थेंब काढला, घासलेटनं धुतला, कोरडा पुसला आणि बंद करून दिला. एवढ्या विश्वासानं वाहिलेल्या त्या पोटात काहीच नव्हतं. मी हे समजावून सांगितलं. मला वाटलं, आता खेकसतील. पण ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "म्हातारी भुकी बसली असेल रे."

त्यांची सायकल मागचं चाक उचलून पुढच्या डाकबंगल्यापर्यंत नेली, तिथल्या चौकीदाराकडे ठेवली आणि त्यांना मी माझ्या मागे, कॅरियरवर घेतलं. कुरईचा घाट आम्ही कसा उतरलो ते ब्रेकला आणि परमेश्वराला ठाऊक. साडू बरोबर त्या लोंबत्या आतड्यांच्या वर बसलेले, धोतराचा सोगा दोन्ही हातांनी छातीशी धरून. घाट संपला, पुढे देवलापारच्या बाजूला चढ लागला, आणि माझ्या मांड्या भरून आल्या. तेवढ्यात मागून हळूच आवाज आला, "खाली घे." मी गियरची दांडी ओढली. कट् असा आवाज होऊन साखळी मोठ्या चकतीवर चढली आणि पाय हलके झाले. बराच वेळ ते वाकून पाहत होते. मग म्हणाले, "बेशरम आहे. पण कामाचं आहे." इतक्या वर्षांत माझ्या सायकलीला मिळालेला तेवढाच न्याय. मनसरला खाणीतलं मँगनीज वाहणाऱ्या एका लॉरीवाल्यानं आम्हाला सायकलीसकट उचललं आणि दिवेलागणीला नागपुरात सोडलं.

सासूबाई पाटाजवळच बसल्या होत्या. तबक तयार, वर केळीचं पान झाकलेलं, ओठ सुकलेले. साडू दारातच थबकले आणि म्हणाले, "आई, माफ करा. सायकलीचं पोट खाली निघालं."

"असू दे, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "माझंही सकाळपासून खालीच आहे. बसा."

साडूंनी वाण घेतलं, आणि पहिला अनारसा मोडून, खसखस बोटांना लागू देत, अर्धा सासूबाईंच्या हातावर ठेवला. मला तोंड फिरवावं लागलं.

सासूबाई पुढच्या अधिकाची वाट न पाहता गेल्या. त्या घराला कुलूप लागलं. अधिक महिना फिरून आला तेव्हा एके सकाळी साडू माझ्या दारात उभे. सायकलीत नवं तेल, धोतराला चिमटे. म्हणाले, "चलतो का? खाली जाऊन येऊ." जबलपूरची माणसं नागपूरला 'खाली' म्हणतात.

मी म्हटलं, "भाऊ, आता खाली कोण आहे?"

ते माझ्या सायकलीच्या त्या लोंबत्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खालीच तर आहे." मराठीत म्हणाले की हिंदीत, मला कळलं नाही. मी सायकल बाहेर काढली.