चालू दिसणारी लाइन

भारत खोडे याच्याकडे कोणी वळून पाहावं असं काही नव्हतं, आणि त्याचीही तशी अपेक्षा नव्हती. मखमलाबादला वडिलांचा झेंडू, डिप्लोमा नाशकात, नोकरी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत, वय एकोणचाळीस. फळं साठवणाऱ्या एका कंपनीचं नेटवर्क तो सांभाळायचा. म्हणजे नेमकं काय करतो, हे त्यानं एकदा वडिलांना अर्धा तास समजावून सांगितलं. वडील म्हणाले, "म्हंजे वायरमन." भारतनं वाद घातला नाही. पुढे जे झालं ते पाहता वायरमन असता तर बरं झालं असतं.

कंपनीचं शीतगृह विंचूरला आणि त्याचा नियंत्रण कक्ष सिन्नरला. शीतगृहाचा थंडावा अमोनियावर चालतो. तो गळला की डोळे जळतात, श्वास कोंडतो, आणि बंद खोलीत अडकलेल्या माणसाला विचार करायला फार वेळ मिळत नाही. गळती झाली की विंचूरला भोंगा वाजे. मग भोंग्याखालचं लाल बटण दाबायचं, म्हणजे सिन्नरच्या पडद्यावर अलार्म येई, आणि तिथला माणूस मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पंखे सोडी. विंचूरच्या कोणालाही व्हॉल्व्हला हात लावायची परवानगी नव्हती. पूर्वी कोणीतरी तो चुकून बंद केला होता आणि दोन खोल्यांमधली द्राक्षं गेली होती. तेव्हापासून अधिकार सिन्नरला नेला. द्राक्षांच्या दृष्टीनं निर्णय यशस्वी ठरला.

बटण सिंधुबाईंच्या ताब्यात होतं. पॅकिंगच्या बायकांच्या त्या मुकादम, पंचावन्नच्या, आवाजानं भोंग्याच्या तोडीस तोड. रोज सकाळी पावणेनऊला त्या चाचणीसाठी बटण दाबायच्या आणि गेटवरच्या केबिनमध्ये जाऊन चहा टाकायच्या. चहा उकळून, गाळून, बशीत ओतून होईस्तोवर नऊ वाजत आणि केबिनमधला फोन वाजे. सिन्नरचा ऑपरेटर सार्थक म्हणायचा, "आला, मावशी." वहीत 'अलार्म ठीक' असं लिहिलं जाई.

बटण दाबल्यापासून अलार्म पोचायला पंधरा मिनिटं का लागतात, हे कोणी विचारलं नाही. सिंधुबाईंचं मत होतं, "सकाळच्या पारी यंत्राला बी जाग यायला टाइम लागतो." हे मत पुढे कंपनीनं अधिकृत केलं. नियमावलीच्या नव्या आवृत्तीत 'चाचणी ८.४५, पोच ९.००' असं छापूनच आलं. नवाच्या ठोक्याला भारत आपल्या संगणकावर जोडण्यांची यादी उघडायचा, विंचूरच्या ओळीपुढे 'एस्टॅब्लिश्ड' हा शब्द बघायचा आणि यादी मिटायचा. असं चार वर्षं चाललं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी एक बावन्नला, विंचूरचा भोंगा खरोखरच वाजला.

सिंधुबाईंनी बटण दाबलं, बायकांना बाहेर काढलं, माणसं मोजली. एक कमी भरला. झिपरू, सुरगाण्याकडचा, क्रेट रचणारा. तो चार नंबरच्या खोलीत मागच्या रांगेला होता. पंखे सुटल्याशिवाय आत जाता येईना. मोबाइल आत न्यायची बंदी, म्हणून सिंधुबाई गेटकडे पळाल्या आणि केबिनमधून सिन्नरला फोन लावला.

"सार्थक, गॅस सुटलाय. व्हॉल बंद कर."

"मावशी, इकडे काहीच आलेलं नाही. बटण दाबलं का?"

"कवाच दाबलं."

"अलार्म आल्याशिवाय मला व्हॉल्व्हची स्क्रीनच उघडत नाही हो. थांबा." सार्थकनं फोनवर हात ठेवला आणि शेजारच्या टेबलाकडे वळला. "भारतदादा, विंचूरची लाइन बघ ना जरा."

भारतनं यादी उघडली. विंचूरच्या ओळीपुढे 'एस्टॅब्लिश्ड' होतं. एक अठ्ठावन्न झाले होते.

"लाइन चालू आहे," तो म्हणाला. "बटण दाबलं असतं तर आलं असतं."

सार्थकनं ते फोनमध्ये तसंच सांगितलं. सिंधुबाई परत आत पळाल्या, पदरानं नाक दाबून बटण दाबत राहिल्या. अलार्म दोन वाजून सात मिनिटांनी आला. व्हॉल्व्ह दोन सेकंदांत बंद झाला. त्या बाबतीत यंत्रणा उत्तम होती. झिपरूला वीस मिनिटांनी बाहेर आणलं. निफाडच्या दवाखान्यात त्याला नेलं ते रीत म्हणून.

चौकशी समिती बसली. तिच्यापुढे दोन कागद होते. टेलिफोनच्या यादीप्रमाणे सिंधुबाईंचा फोन एक अठ्ठावन्नचा, पडद्याच्या नोंदीप्रमाणे अलार्म दोन सातचा. नियम होता, आधी बटण, मग फोन. समितीनं दोन आकडे शेजारी ठेवले आणि निष्कर्ष काढला की बाई घाबरून आधी फोनकडे पळाल्या आणि बटण नंतर दाबलं. तोच कागद पोलिसांकडे गेला. निष्काळजीपणानं मृत्यूस कारण, आरोपी क्रमांक एक, सिंधुबाई.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी भारतला फोन केला. "खोडेभाऊ, मी बटन कवा दाबलं ते तुमच्या यंत्रात उमटत असंल ना? तेवढं बघून सांगा. माजं नाय कुनी ऐकत, यंत्राचं ऐकतील."

"बघतो," भारत म्हणाला.

दोन गावांच्या लाइनवर दोन फायरवॉल होते, एक सिन्नरला, एक विंचूरला. फायरवॉल म्हणजे वेशीवरचा राखणदार. कोण कोणाशी बोलतंय याची तो यादी ठेवतो. यादीत असेल त्याला सोडतो, नसेल त्याचं पाकीट गुपचूप टाकून देतो. भारत रोज बघायचा ती यादी सिन्नरच्या राखणदाराची, कारण ती त्याच्या टेबलावरून उघडायची. विंचूरची बघायला वेगळा पासवर्ड लागायचा. त्यानं तो शोधला.

विंचूरचा राखणदार विसराळू निघाला. एक तास कोणी बोललं नाही तर तो जोडणी यादीतून काढून टाकायचा. सिन्नरचा मात्र चोवीस तास धरून ठेवायचा. सकाळी नऊला जुळलेली लाइन विंचूरला दहा वाजता संपलेली असायची, आणि सिन्नरला दिवसभर 'एस्टॅब्लिश्ड' दिसायची. एस्टॅब्लिश्ड याचा अर्थ एवढाच की कधीतरी दोघांची ओळख झाली होती आणि त्यानंतर कोणी निरोप घेतलेला नाही. गावाच्या मतदार यादीत माणसं असतात तशी. नाव असतं, हाक मारून बघायला कोणी जात नाही.

बटणाच्या डब्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. तो जुन्याच लाइनवर हाक मारत राहायचा आणि राखणदार ती टाकत राहायचा. पंधरा मिनिटांनी डबा थकायचा, नवी जोडणी मागायचा, आणि ती तत्काळ मिळायची. तोवर चहा झालेला असायचा. म्हणजे रोजच्या चाचणीत लाइन रोज मेलेली सापडत होती आणि चाचणीनंच जिवंत होत होती, आणि भारत ती जिवंत झाल्यावर बघत होता.

टाकलेल्या पाकिटांची नोंदही होती. एक बावन्न आणि चौदा सेकंद, 'जोडणी सापडली नाही'. मग तीच ओळ पुन्हा, पुन्हा, दोन सातपर्यंत. सिंधुबाईंनी बटण वेळेवर दाबलं होतं. तशाच ओळी गेल्या नव्वद दिवसांतल्या प्रत्येक सकाळी पावणेनऊ ते नऊ होत्या. त्या भारतच्या संगणकावरही आल्या होत्या. रोज त्याच त्या ओळी बघून कंटाळा येतो म्हणून त्यानं त्या दिसू नयेत अशी एक चाळणी लावली होती. चाळणीला त्यानं 'कचरा' असं नाव दिलं होतं.

त्यानं दोन पानी अहवाल लिहून मॅनेजरकडे नेला. मॅनेजरनं तो शांतपणे वाचला.

"हे तुम्हाला शोधायला कोणी सांगितलं?"

"सिंधुबाईंनी."

"त्या तुमच्या बॉस आहेत का?" मॅनेजरनं पान उलटलं. "असो. म्हणजे यंत्र विसरलं. कोणाची चूक नाही. हे समितीला आवडेल."

"यंत्रानं सांगितलं होतं, साहेब. 'एस्टॅब्लिश्ड'च्या शेजारचाच रकाना, किती वेळ कोणी बोललेलं नाही त्याचा. चार तास अठ्ठावन्न मिनिटं. मी तो वाचला नाही. मी लाइन चालू आहे म्हणालो, म्हणून सार्थकनं मावशींचं ऐकलं नाही. बंद म्हणालो असतो तर मावशींना डबा बंद-चालू करायला सांगता आलं असतं, नवी जोडणी तिथल्या तिथे मिळाली असती. हे शेवटच्या परिच्छेदात आहे."

"तो परिच्छेद काढा. बाकी छान लिहिलंय."

भारतनं परिच्छेद काढला. अहवाल विचारार्थ ठेवण्यात आला. दोन महिने विचार चालला. तेवढ्या काळात सिंधुबाईंच्या पोलीस ठाण्याला पाच फेऱ्या झाल्या.

घरी मनीषा, त्याची बायको, म्हणाली, "तू सांगितल्यानं झिपरू परत येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

"सिंधुबाई आत जातील."

"आणि तू?"

  दुसऱ्या दिवशी तिनं डबा नेहमीपेक्षा लवकर भरून ठेवला.

ठाण्यात हवालदारानं मूळ अहवाल, परिच्छेदासकट, दोनदा वाचला. "साहेब, हे कोर्टात कोण वाचणार? मला एक सांगा, लाइन चालू होती का बंद?"

"सिन्नरकडून चालू दिसत होती, विंचूरकडून—"

"एक काय ते सांगा. रकाना एकच आहे."

 "बंद होती. मी चालू सांगितली."

"असंच लिहू?"

"असंच."

"मला वाटलं तुम्ही साक्षीदार म्हणून आलात," हवालदार म्हणाला आणि त्यानं कपाटातून दुसरा फॉर्म काढला.

जूनमध्ये सिंधुबाईंचं नाव गुन्ह्यातून वगळलं. त्याच महिन्यात त्यांची नोकरीही गेली. बटणाचा डबा आता दर पाच मिनिटांनी एक रिकामी हाक मारतो, त्यामुळे राखणदार विसरत नाही, सकाळची चाचणी लागत नाही आणि ती करणारी मुकादमही लागत नाही. ही सुधारणा भारतच्याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर सुचवलेली होती. कंपनीनं ती तातडीनं अमलात आणली आणि आतली माहिती बाहेर दिल्याबद्दल भारतला निलंबित केलं.

आता निफाडच्या कोर्टात तारखा पडतात. भारत मखमलाबादहून एसटीनं येतो; उरलेले दिवस वडिलांबरोबर झेंडू तोडतो. वडील कोणालाही काही समजावून सांगत नाहीत. सिंधुबाई विंचूरहून जीपनं येतात. त्यांचं नाव वगळल्याचा हुकूम फायलीत आहे, पण बाहेर लावायच्या यादीतून ते अजून कमी झालेलं नाही. कारकुनाचं म्हणणं, यादीत नाव आहे तोवर आलेलं बरं. त्या येतात आणि भारतच्या शेजारी बाकावर बसतात.

मागच्या तारखेला त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून त्याच्यापुढे धरल्या. "फोनवर लाइन चालू हाय म्हननारं कोन व्हतं, ते मला लय दिस ठावं नव्हतं."

"मी होतो."

"आता कळलं ना." त्यांनी एक शेंग सोलली. "चार वरीस मी चहा गाळीत बसले. इतका टाइम का लागतो, कुनीच नाय इचारलं."

"मीही नाही."

"झिपरूनं इचारलं व्हतं," सिंधुबाई म्हणाल्या. "म्हनला, मावशी, खरंच गॅस सुटला तर पन चहा व्हईस्तोवर थांबायचं का? आमी बाया लय हसलो व्हतो त्याला. तो बी हसला."

दारातल्या शिपायानं यादी वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव सिंधुबाईंचंच होतं. त्यांनी टरफलं पदरात गोळा केली आणि "हजर" म्हणून उठल्या.