दुरुस्तीचं मडकं

देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. तो सातवा दिवस त्याने तपासणीला ठेवायला हवा होता, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले, आणि ते माझ्या धाकट्या बहिणीचे धर्मपिता होते. बाप्तिस्म्याच्या वेळी फिलूला हातात धरून ते उभे राहिले तेव्हा म्हणे तिच्या टोपड्याची नाडी एका बाजूला लांब होती, आणि फादरांना पाण्याचा कलश हातात घेऊन थांबावं लागलं, कारण हे नाडी सारखी करत होते. वसईतल्या पापडी गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला शिकवली. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आणि अख्खं गाव त्यांना भ्यायचं. घरी आले की ते आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे, मग खुर्चीत बसायचे, आणि चहाच्या कपावरचं गुलाबाचं फूल बघून पुन्हा उठायचे. "हा गुलाब आहे? याला कोबी म्हणतात," असं ते माझ्या आईला सांगायचे, जणू कप तिनेच रंगवला होता. आई पदर तोंडाला लावून हसायची. मला मात्र तेव्हाही राग यायचा. आमच्या घरात येऊन आमच्याच कपाला नावं ठेवायचा अधिकार यांना कोणी दिला, हे मला कळत नसे.

चर्चच्या भिंतीवर रंगवलेल्या एका संताचा आंगठा रंगाऱ्याने चुकीच्या बाजूला काढला होता. म्हणजे संताचा उजवा हात खरं तर डावा होता. हे शंभर वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं, कारण लोक तिथे प्रार्थना करायला जात. मास्तरांना ते दिसलं आणि त्यांची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, बिघडली. दर रविवारी ते त्या आंगठ्याकडे असे बघत बसायचे की शेवटी फादरांनीच कंटाळून शिडी दिली. बाजारातही तेच. अर्नाळ्याहून एक कोळीण टोपली घेऊन यायची. मास्तर तिच्या टोपलीतले बोंबील एका दिशेला तोंड करून लावायला बसले की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मास्तर, म्हावरा घेवाचा हाय का त्याचा फोटू काराचा हाय?" मास्तर लावतच राहायचे. सगळे बोंबील रांगेत आले की त्यातला मधलाच उचलायचे आणि रांग मोडली म्हणून पुन्हा लावायला घ्यायचे.

असा माणूस निवृत्त झाला की काय करेल? घरात बसेल, पेपर वाचेल, फार तर पेपरातल्या जाहिरातींना मिश्या काढेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण त्यांच्या केळीच्या वाडीत त्याच सुमारास विहिरीवर विजेचा पंप आला, रहाट बंद पडला, आणि रहाटाची शेड रिकामी झाली. रिकामी शेड बघून दुसऱ्या माणसाने तिथे केळीचे घड ठेवले असते. मास्तरांनी तिथे दोन बाकं टाकली, कुंभाराकडून कोरी भाजलेली मडकी आणून फळीवर मांडली, ऑइल पेंटचे तीन डबे उघडले, पांढरा, तांबडा आणि हिरवा, आणि बाहेर सुंदर अक्षरात पाटी लावली: 'या, आपले मडके आपणच रंगवा.' वसईत असली गोष्ट कुणी ऐकली नव्हती. मडकं कुंभाराने करावं आणि सणासुदीला घरच्या बाईने त्यावर चुन्याची चार बोटं ओढावीत, एवढंच आम्हाला ठाऊक. पण लोक आले. आधी गंमत म्हणून गावातले आले, मग रविवारी मुंबईचे पाहुणे घेऊन आले.

आता पाटीवर 'आपणच' असं लिहिलं आहे, तर माणसाला आपलं मडकं आपल्या मनासारखं रंगवू द्यावं की नाही? पण ब्रशला हात लावण्याआधी मास्तर प्रत्येकाला जुन्या वर्तमानपत्रावर पन्नास सरळ रेघा मारायला लावायचे. त्या बघून मानेनेच नाही म्हणायचे आणि आणखी पन्नास मारायला लावायचे. डोंगराआडचा सूर्य काढायला बंदी होती. चारच्या आकड्यासारखे पक्षी काढायला बंदी होती. एकदा एका बँकेतल्या साहेबांनी गुपचूप दोन डोंगर काढून त्यांच्या मधे सूर्य बसवला, तेव्हा मास्तर असे भडकले की बाकावरचे सगळे हात थांबले. इथून पश्चिमेला समुद्र आहे, सूर्य रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात बुडतो, आणि ही शिकलेली माणसं त्याला दोन डोंगरांत कोंबतात, हे त्यांचं म्हणणं. साहेबांनी भीत भीत विचारलं की मग काय काढू. मास्तर म्हणाले, "डोळे उघडा. जे दिसेल ते काढा." साहेबांनी शेवटी मास्तरांचाच चेहरा काढला असावा, कारण ते मडकं फार रागीट दिसत होतं.

मडकं रंगवून झालं की ते दोन दिवस वाळायला तिथेच ठेवायचं असा नियम होता. तिसऱ्या दिवशी न्यायला गेलं की मडक्याच्या बुडाला तांबड्या पेन्सिलीने दहापैकी गुण लिहिलेले असायचे. पाचाच्या वर त्यांनी कधी कुणाला दिले नाहीत. मला शाळेत तीन मिळायचे, मडक्यालाही तीनच मिळाले. पण गंमत अशी की गुण कितीही कमी असले तरी घरी आणलेलं मडकं मात्र फार देखणं दिसायचं. पोस्टमास्तरांच्या बायकोने आपलं मडकं नव्या टीव्हीवर ठेवलं होतं, आणि आपल्या बोटांत ही कला इतकी वर्षं दडून राहिली म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ हळहळायची. मीही माझा मासा बघून चकित झालो होतो. मी काढला तेव्हा तो वाटाण्याच्या शेंगेसारखा होता, वाळल्यावर त्याला खवले आले होते.

त्या खवल्यांचा उलगडा मला एका दुपारी झाला. शेडमध्ये विसरलेली छत्री आणायला मी गेलो, तर मास्तर एकटेच चष्मा कपाळावर चढवून कुणाच्या तरी मडक्यावरची वेल सारखी करत बसले होते. बाजूला फळीवर आठ-दहा मडकी दुरुस्तीची वाट बघत होती. मी संतापलो. ही फसवणूक आहे, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. लोक हौसेने, आपल्या हाताने काही करायला येतात, आणि तुम्ही त्यांचा हात पुसून तिथे आपला काढता. मास्तरांना लाज वगैरे काही वाटली नाही. उलट तेच चिडले. "जन्मभर वह्या तपासल्या. चूक दिसली की हात जातो," ते म्हणाले. "आणि फसवणूक कसली? गुण मी दुरुस्तीच्या आधीचे देतो."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण पुढच्याच वर्षी फिलूचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून बँड लावून पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. त्यासाठी रंगवलेली दोन मडकी लागतात. एक नवरीच्या आईने आपल्या हाताने रंगवायचं, दुसरं धर्मपित्याच्या घरून यायचं. दोघी बायका ती डोक्यावर घेऊन सगळ्या गावातून चालतात, आणि सगळं गाव मडकी बघतं. आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. ती हिंडूफिरू लागली होती, पण उजवा हात थरथरायचा. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायची. तरी मडकं मीच रंगवणार म्हणाली. मी तिला हाताला धरून मास्तरांच्या शेडमध्ये नेलं. मास्तरांनी तिला रेघा मारायला लावल्या नाहीत, एवढी माणुसकी त्यांच्यात होती. तीन दुपारी ती तिथे बसली आणि तिने पानवेल काढली. आमचा पानमळा होता तोवर तिने रोज ती पानं खुडली होती. वेल थरथरत मडक्याभोवती गेली, पानं कुठे लांब, कुठे आखूड झाली, एका ठिकाणी ब्रश घसरून तांबडा फराटा उमटला.

मला ते मडकं बघून भरून आलं, आणि लगेच भीती वाटली. आईला घरी पोचवून मी तसाच मागे फिरलो. हे एक मडकं तरी सोडा, असं मी मास्तरांना बजावलं. ही माझ्या आईच्या हाताची रेघ आहे, तिला तुमचा ब्रश लागला तर मी तुमच्या घराची पायरी चढणार नाही. बोलता बोलता माझा आवाज चढला. मास्तरांनी ब्रश पुसून डब्यावर आडवा ठेवला. मग म्हणाले, "बरं. तुझ्या आईच्या मडक्याला माझा हात लागणार नाही. शब्द देतो."

तिसऱ्या दिवशी मी मडकं घरी आणलं आणि मोठ्या विजयाने आईपुढे ठेवलं. एकही रेघ बदललेली नव्हती, त्या आनंदात बुडाचे गुण बघायचंही मला सुचलं नाही. आईने ते फिरवून फिरवून पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"मास्तरांनी हात नाय फिरवला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मीच तसा शब्द घेतला त्यांच्याकडून.

"तुला कोणी सांगितलं होतं?" आई म्हणाली. "ते सगळ्यांची नीट करून देतात म्हणून तर मी तिथे गेले. आता हे गावासमोर मिरवायचं? त्यांच्या मडक्याच्या बाजूला?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. पोस्टमास्तरांच्या बायकोलाही माहीत होतं, कोळणीलाही माहीत होतं. अख्ख्या गावात न्यायाची चाड असलेला मूर्ख मी एकटाच होतो. आईने मडकं कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं आणि सांगितलं की त्या दिवशी तांब्याच्या कळशीने पाणी आणा, माझं मडकं नको. ती चिडली असती तर मला चाललं असतं. ती आपला उजवा हात डाव्या हाताखाली झाकून बसली होती, आणि ते मला बघवेना.

मी मास्तरांकडे गेलो. जी पायरी चढणार नाही अशी धमकी दिली होती तिच्यावरच उभा राहून, हात फिरवा म्हणून विनवण्या केल्या. मास्तर ऐकेनात. शब्द दिला म्हणजे दिला, आईच्या मडक्याला हात लागणार नाही. मला असा काही संताप आला की सांगता सोय नाही. चर्चमधल्या संताचा हात दुरुस्त करताना ज्याने संताला विचारलं नाही, त्याला नेमका आज शब्द आठवावा? मी तणतणत घरी आलो. आता त्यांच्या घरून झळझळीत, एकेक पान मोजून काढलेलं मडकं येणार आणि त्याच्या शेजारी आमची कळशी चालणार, हे मला दिसत होतं.

पाण्याच्या दिवशी बँडवाले येऊन आमच्या ओट्यावर सरबत पीत होते, तेव्हा मास्तर आले. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं मडकं होतं. त्यांनी ते आईसमोर ठेवलं आणि टॉवेल काढला. मडक्यावर पानवेल होती, आणि ती थरथरत चालली होती. पानं कुठे लांब, कुठे आखूड. एका ठिकाणी तांबडा फराटासुद्धा होता. ज्या माणसाला जन्मात वाकडी रेघ सहन झाली नाही, त्याने वेलीच्या टोकापासून टोकापर्यंत प्रत्येक रेघ वाकडी काढली होती.

आईने मडक्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मास्तर, तुमचापण हात गेला की काय?"

"गेला," मास्तर म्हणाले. "वय झालं."

आणि लगेच उठून त्यांनी आमच्या दारावरचं एका बाजूला झुकलेलं तोरण सोडवलं, सुईच्या नेढ्यातून दोरा जाईल इतक्या स्थिर हाताने त्याची गाठ पुन्हा मारली. आई ते बघत होती. तिने मला कोनाड्यातलं मडकं काढायला सांगितलं.

दोन्ही मडकी जोडीने गावातून गेली. बायका म्हणाल्या, हल्ली अशीच वेल काढायची फॅशन आली वाटतं. पुढच्या वर्षी दोन लग्नांत लोकांनी मुद्दाम थरथरती पानवेल काढून घेतली, आणि मास्तर त्या लोकांवर भडकले, ती गोष्ट वेगळी.

आई त्यानंतर चार वर्षांनी गेली, मास्तर तिच्यामागून दीड वर्षाने. शेडमध्ये आता केळीचे घड असतात. दोन्ही मडकी फिलूकडे नायगावला कपाटावर असायची. घर बदलताना तिने मला मदतीला बोलावलं, तेव्हा ती मी खाली काढली. कुठलं आईचं आणि कुठलं मास्तरांचं, हे मला सांगता येईना. फिलूलाही येईना. शेवटी मी ती उपडी केली. एकाच्या बुडाला तांबड्या पेन्सिलीने सात लिहिले होते. दुसऱ्याच्या बुडाला सहा, आणि पुढे त्याच सुंदर अक्षरात: 'नक्कल. एक गुण वजा.'

मी खोक्यांच्या पसाऱ्यात तसाच खाली बसलो. मग मला माझा जुना राग आला. सातच? तीन दुपारी बसून, त्या हाताने काढलेल्या वेलीचे तीन गुण कशाचे कापले? हे मी मास्तरांना चांगलं खडसावून विचारलं असतं. ते चिडले असते, मीही चिडलो असतो, आणि तेवढ्यात त्यांनी उठून फिलूच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं असतं. ते अजून वाकडंच होतं. मी उठलो आणि सरळ केलं.