साडूचा घुमारा

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि अख्ख्या नाशिक जिल्ह्यात माझ्या साडूइतक्या टाळ्या वाजवणारा माणूस दुसरा नव्हता, हे मी आजही कुणापुढंही सांगायला तयार आहे. भजनात नाही, भाषणाला नाही. हा माणूस कुठंही गेला की आधी मधोमध उभा राहतो, एकच टाळी वाजवतो आणि मान तिरकी करून ती परत कशी येते ते ऐकतो. देवळात ऐकतो, दवाखान्यात ऐकतो, बँकेत ऐकतो. बाकीचे लोक घर घेताना नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात, यानं चांगले चांगले फ्लॅट टाळी वाजवून नापास केले. "हॉल बोलत नाही," म्हणे. शेवटी एक घेतला, तो न्हाणीघर गोड घुमतं म्हणून. तिथं पाणी कमी, पण बादली आपटली की घंटेसारखी वाजते. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, आल्यागेल्याला सांगते, "आमच्याकडं अंघोळ ऐकायची असते, करायची नसते." एकदा नात्यातल्या वास्तुशांतीला गुरुजी पूजा मांडत बसले होते. हा दारातनं आत आला, नवीकोरी रिकामी खोली पाहिली आणि त्याला राहवलं नाही. टाळी पडली. घरभर बसलेली बायामाणसं ताडकन उठली आणि आरती सुरू झाली. गुरुजींच्या हातात अजून सुपारी होती. आणि हा डोळे मिटून मला म्हणतो, "साडूभाऊ, फरशी चांगली बसवलीय."

धंदा त्याचा गाणी रेकॉर्ड करायचा. नाशिकरोडला एका मिरची कांडपाच्या वरची खोली त्यानं घेतलीय आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्यात. आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या घरच्या निम्म्या गोधड्या तिथं भिंतीवर आहेत, आम्ही थंडीत कुडकुडतो आणि त्याच्या भिंती उबेत असतात. गाणं कोरडं भरून झालं की त्यावर मागनं जे घुमणं चढवतात, त्याला शिकलेली माणसं रिव्हर्ब म्हणतात. साडू घुमारा म्हणतो. त्याची मापंही इथलीच. "या आवाजाला थोडी पांडवलेणी देऊ." "याला मंगल कार्यालय बस झालं." "पेठच्या घाटाएवढा घुमारा नको, बाई हरवून जाईल त्यात." एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी आयुष्य घालवलं, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर. तिथल्या धुरांड्याकडं बघून लोक धुराचं बोलतात. हा बघून हळहळतो, "आत जाऊन एक टाळी वाजवायला मिळाली पाहिजे हो."

खालच्या मिरचीमुळं वर माणसं शिंकतात. एका लग्नाच्या गाण्यात ऐन सुरात नवरदेवाचा मामा शिंकला. दुसऱ्या कुणी ती शिंक कापली असती. यानं तिला घाटातला घुमारा दिला, ती 'छी... छी... छी...' करत दरीत उतरत गेली, आणि वरातीत लोक नेमके त्याच जागी नाचले. मामा अजून मिशीवर ताव देऊन फिरतो. एका पुढाऱ्याच्या गाण्याला मात्र घुमारा जरा जास्त झाला. 'आम्हाला मत द्या'चं गावभर 'द्या... द्या... द्या...' असं घुमत राहिलं आणि म्हाताऱ्या बाया धान्याची वाटी घेऊन दारात आल्या. साडूला विचारलं तर म्हणतो, "मी काय खोटं घुमवलं?"

तर या माणसाकडं मला जावं लागलं, त्याचं कारण माझा घसा. आवाजाच्या पडद्यावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री देता येत नाही. आता माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहिणं-वाचणं बेताचं. माझ्याकडं मिरवण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे हा आवाज. पट्ट्याच्या गोंगाटात माझी हाक पार टोकाला ऐकू जायची. आणि त्या आवाजात माझ्या वडिलांचं मोटेवरचं गाणं होतं. सायखेड्याला आमची विहीर आहे, चिरेबंदी. मोट म्हणजे चामड्याची मोठी पखाल, ती बैलांनी ओढून पाणी वर काढायचं आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओतायचं. वडील बैलांना गाऊन चालवायचे:

पवळ्या रं, सर मागं, थारोळं रिकामं,
उसाच्या लेकराला पाणी पाजायचं काम...

आणि 'काम' म्हटलं की थांबायचे. विहिरीतनं 'काम' परत यायचं. विहीर बोलली की मगच बैल मागं घ्यायचे. पुढं मोटर आली, बैल गेले, वडील गेले. गाणं मला एकट्याला येत होतं. घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी ते भरून घ्यायचं ठरलं.

दुपारी कांडप बंद असतं त्या वेळेला आम्ही बसलो. माझ्या कानाला ते मोठं झाकण लावलं. दोन कडवी चांगली झाली. प्रत्येक कडव्यानंतर मी थांबलो तसा साडू काचेपलीकडनं म्हणाला, "साडूभाऊ, ही मधली रिकामी जागा काढून टाकू का?"

"हात लावायचा नाही," मी म्हणालो. "तिथं विहीर बोलते."

त्यानं मान डोलावली. मला वाटलं, समजलं. तेवढ्यात कानावरच्या झाकणातनं मला ऐकू आलं, तो शेजारी बसलेल्या मेहुणीला सांगत होता, "यांचा आवाज कोरडाच राहू दे."

कोरडा! आमच्याकडं कोरडा कुणाला म्हणतात? दारात आलेल्याला पाणी विचारत नाही त्याला. मी वडिलांची आठवण काढून, बैल डोळ्यांपुढं आणून, दुखऱ्या घशानं गातोय आणि हा म्हणतो कोरडा. मी झाकण काढून ठेवलं, टोपी घातली आणि जिना उतरलो. मागनं साडू ओरडत आला, "अहो, तसं नाही! भेळेसारखं असतं ते, ओली आणि कोरडी!"

"मग भेळवाल्यालाच गायला बसवा," असं म्हणून मी रिक्षात बसलो. तिसरं कडवं तसंच राहिलं.

चार दिवसांवर ऑपरेशन. घरी आमची मंडळी म्हणाली, "ओल्या-कोरड्यावरनं भांडायला तुम्ही काय नळावर उभे होता का? गाणं अर्धं राहील." मी म्हणालो, राहू दे. शब्द त्यानं टाकलाय, उचलायचा त्यानं. रात्री मात्र तिसरं कडवं मनातल्या मनात म्हणून बघितलं, घसा खरखरला, आणि मी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी साडू दारात हजर. दोन्ही हातांत भेळेचे दोन पुडे. आत आला, सवयीनं टाळीसाठी हात उचलले, पुडे आठवले, खाली घेतले. माझ्यापुढं बसला.

"ही आधी खा."

"डॉक्टरनं तिखट बंद केलंय," मंडळी आतनं ओरडली.

"तिखट नाही घातलं, वहिनी. खा हो. शेंगदाणा कळतो? फरसाण कळतं? कैरीची फोड?"

"कळते."

"आता ही ओली. काय कळतं?"

"चिंच."

"बस्स. ज्याच्या आवाजात काही नसतं त्याच्यावर मी चिंचेचं पाणी ओततो. तुमच्या आवाजात तुमचे वडील ऐकू येतात, बैलांची पावलं ऐकू येतात. त्यावर मी कशाला पाणी ओतू? कोरडा म्हणजे नुसता तुमचा, साडूभाऊ."

मी कोरडा पुडा संपवला. "मीठ कमी आहे," म्हणालो आणि टोपी घेतली. चूक माझी नव्हती, शब्दाची होती, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो. त्याच दुपारी तिसरं कडवं झालं. घसा शेवटी शेवटी फाटला, तो साडूनं तसाच राहू दिला.

ऑपरेशन नीट झालं. पण डॉक्टरांनी बोलायची बंदी केली, कुजबुजसुद्धा नाही. मंडळीनं पाटी आणून दिली. मी एक एक अक्षर काढून 'नाही' लिहीपर्यंत घरातल्यांचं ठरूनही जायचं. एवढी सुखी मी तिला कधी पाहिली नव्हती. अशात एका संध्याकाळी साडू गाणं घेऊन आला. "आज पहिल्यांदा तुम्ही मला बोलू देणार," म्हणाला आणि मन भरेपर्यंत बोलून घेतलं. मग गाणं लावलं.

माझा आवाज आला. कोरडा. कशाचा आधार नाही, कशाचा आडोसा नाही. पहिलं कडवं संपलं, 'काम' म्हणून मी थांबलो. आणि त्या रिकाम्या जागेत विहीर बोलली.

देवळाचा घुमारा नाही, लेण्याचा नाही. आमची विहीर डावीकडनं जरा उशिरा बोलते, तिकडं पायऱ्या ढासळल्यात म्हणून. तशीच उशिरा बोलली. खाली पाण्यावर शब्द टेकल्यासारखा झाला, आणि मागनं पारव्यांच्या पंखांची फडफड. मी साडूकडं पाहिलं.

"गेलो होतो सायखेड्याला," तो म्हणाला. "काठावर उभं राहून टाळी वाजवली, ती भरून आणली आणि तिचा घुमारा तुमच्या शब्दाला लावला. पारवे उडाले त्याला मी काय करू? म्हटलं, येऊ द्या त्यांनाही."

मंडळी पदरानं डोळे पुसत होती. मी पाटी ओढली. लिहायला बराच वेळ लागला, पण त्या दिवशी सगळे थांबले. मी लिहिलं, 'मीठ बरोबर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, कुणाला न सांगता एसटी पकडली आणि सायखेड्याला उतरलो. बांधावरनं चालत विहिरीवर गेलो. माझा आवाज परत आला तर कसा येईल, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं आणि तोंड उघडायची परवानगी नव्हती. धावेवर, बैल उभे राहायचे तिथं, उभा राहिलो आणि एक टाळी वाजवली. पारवे उडाले. मी मान तिरकी करून थांबलो. विहीर बोलली. मग दोन पावलं मागं सरलो आणि पुन्हा वाजवली.