आण्णांची गाळलेली ओळ

देवाच्या घरात बसून देवालाच दम देणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी राहतो. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. आमच्या लूथरन ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर मी मोठ्यांचा वर्ग घेते. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना. एकेक ओळ म्हणायची आणि तिचा अर्थ काय ते एकमेकांना विचारायचं. आण्णा सगळ्यांच्या आधी येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि रागवायला सुरुवात करतात. पंखा हळू फिरतो म्हणून राग, चहा गोड झाला म्हणून राग, पाळकांचा उपदेश लवकर संपला म्हणूनही राग! शेजाऱ्याबद्दल खोटं न बोलता चांगलं बोलावं, ही आज्ञा आली तेव्हा ते ताडकन उठले. "बाई, माझ्या भावाबद्दल चांगलं बोलायचं म्हंजे खोटंच बोलायचं. आता मी काय करू, तुमीच सांगा!" अख्खा वर्ग हसला. मी नाही हसले. मला धडा पुढं न्यायचा होता.

हा धाकटा भाऊ दुधनीला असतो. त्यांची आई तिथंच गेली, ऐन उन्हाळ्यात. निरोप मिळताच आण्णा निघाले, पण एसटी वळसंगला बंद पडली. ते पोचेपर्यंत भावानं आईला माती देऊन टाकली होती. त्या दिवसापासून आण्णांनी त्याच्या घरचं पाणी घेतलं नाही. आणि मंडळी मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागली, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, ही ओळ आली, की आण्णा तोंड मिटतात. गुपचूप नाही हं! खाकरून, हाताची घडी घालून, चारचौघांकडे डोळे वटारून. पुढच्या ओळीला पुन्हा सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत. वेदीपाशी मिळणारं भाकर-द्राक्षारसाचं प्रभुभोजनही घेत नाहीत. "पोटात एक, तोंडात एक, आपल्याला जमत न्हाय." त्यांची बायको, आमच्या काकू, बिचाऱ्या एकट्याच वेदीपाशी जातात आणि पदरानं डोळे पुसत परत येतात.

वर्गात ती ओळ आली आणि आमचं गाडं तिथंच रुतलं. "देवाची क्षमा फुकट असती, आपल्या कमाईची न्हवं, हे तुमीच शिकवलं की! मग हितं अट कशाला?"

"अट नाही हो आण्णा. ज्याला मिळाली, त्यानं पुढं द्यावी, एवढंच."

"मग मला मिळालीच न्हाय म्हणा!"

रविवारमागून रविवार हेच. पुढंही जाऊ देईनात. माझं डोकं असं भडकलं म्हणून सांगू! इतका हेकट माणूस? स्वतः जळायचं आणि त्या माउलीलाही जाळायचं? मी तणतणत काकूंकडं गेले, नंबर घेतला आणि थेट दुधनीला फोन लावला.

पुढच्या रविवारी भाऊ वर्गाला आला. वाळलेला, साधा माणूस, मागच्या बाकावर अंग चोरून बसला. त्याला पाहताच आण्णांनी खुर्चीच फिरवली. मी काही न दाखवता प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली. आण्णांनी नेहमीप्रमाणं तोंड मिटलं. आणि मागं पाहते तो काय, भावानंही मिटलं!

आण्णा गर्रकन वळले. "तू का गप? तुला काय झालं माफ न करायला? मी काय केलं तुझं?"

भाऊ उठला. "आई गेली तवा ऊन लई हुतं, आण्णा. तिला ठेवता येईना. लोक उचला उचला म्हणत हुते. मी एकट्यानं माती दिली. तू आलास तो शिव्या देतच. माझीबी आईच हुती की. मला जवळ घेतलं न्हाईस. अजून न्हाय."

मग आण्णांचा राग माझ्यावर निघाला. "बाई, बघत काय बसलाय? परत म्हणा की! पहिल्यापासनं!"

आम्ही पुन्हा सुरुवात केली. त्या ओळीला भावाचा आवाज स्वच्छ आला. आण्णांनी दोन शब्द कसेबसे म्हटले आणि ते तिथंच अडले. बाकीचे पुढं निघाले होते, मी हात करून त्यांना अडवलं. माझा सगळा राग कुठं गेला कोण जाणे, समोरचं नीट दिसेना. भाऊ मागून चालत आला आणि त्यानं आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सावकाश म्हण, आण्णा," तो म्हणाला. "मी थांबतो की."