पूर्णविरामाला वर बघायचं

विलासचा फोन आला तेव्हा मी बँकेत होते. "ताई, आई गेली," एवढंच तो म्हणाला. विलास माझा मावसभाऊ. त्याची आई म्हणजे माझी कमलमावशी. तिला जाऊन आता महिना होऊन गेला. भेटणारे म्हणतात, सुटली बिचारी. मी मान डोलावते. खरं तर तिच्याही आधी सुटून गेले होते मी.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कन्नड गावी तिच्याकडे असायचे. दुपारची कामं आटोपली की गल्लीतल्या बायका ओसरीवर जमायच्या आणि मावशी त्यांना पेपरातली गोष्ट वाचून दाखवायची. एकदा तिने पेपर माझ्या हातात दिला. मी विनाथांबा एसटीसारखी सुटले. बायका हसायला लागल्या, मावशी हसली नाही. "स्वल्पविराम आला की दम घे. पूर्णविराम आला की वर बघ, ऐकणारीच्या तोंडाकडं. तिला कळलं का नाय ते बघायचं, मग पुढं जायचं." शाळेत ती चिन्हं मी मार्कांसाठी पाठ केली होती; ती ऐकणाऱ्यासाठी असतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सुट्टी संपेपर्यंत मी बरी वाचायला लागले आणि पुढे नोकरीच्या धबडग्यात सगळं विसरलेही.

काचबिंदूने नजर गेल्यावर ती विलासकडे, आमच्याच शहरात गारखेड्यात, राहायला आली. रविवारी जाऊन मी तिला पुरवणी वाचून दाखवायचे. वाचून कसली, उरकायचे. घरची कामं डोळ्यांपुढे नाचत असायची. एकदा मध्येच ती म्हणाली, "तू वर बघंना गेलीस." मी चपापले. तुला कसं कळलं, असं विचारलं. "आवाज कागदावरच पडतोय की. माझ्यापर्यंत येईना." मी ते हसण्यावारी नेलं, आणि पुढच्या खेपेला तिच्या फोनमध्ये बातम्या वाचून दाखवणारी सोय करून दिली. बटण दाबलं की एक बाई वाचायला लागायची. विलासने माझं कौतुक केलं आणि मी ते करून घेतलं.

मग माझं जाणं कमी झालं. दिवाळीनंतर गेले, ती शेवटची भेट. "कशी वाचते गं तुझी बाई?" मी विचारलं. "लई साफ वाचती. चुकत नाय कुठं," ती म्हणाली, आणि जरा वेळाने, "थांबती बी. पण थांबून कुणाकडं बघती, कुणास ठाऊक..." मग शेजारी ठेवलेली पुरवणी चाचपून तिने माझ्यापुढे धरली. "एखादं पान वाचती का?" मला खुलताबादला लग्नाला जायचं होतं. पुढच्या रविवारी नक्की, असं म्हणून मी फोनचं बटण दाबून दिलं आणि चपला घातल्या. जिन्यात त्या बाईचा आवाज येत होता.

तो पुढचा रविवार मी काही गाठला नाही. तिला दिसत नव्हतं; मी वर बघितलं काय आणि नाही काय, कुणी म्हणेल, काय फरक पडतो. पण तिला तेवढंच हवं होतं, आणि मला तेवढंही जड झालं. याची मला लाज वाटते.

हल्ली रविवारी मी स्वयंपाकघरात एकटीच पुरवणी मोठ्याने वाचते. घरचे हसतात. स्वल्पविरामाला दम घेते. पूर्णविराम आला की मान आपोआप वर होते... समोर ओट्यावर कुकर असतो. कळलं का नाही, ते सांगणारं कुणी नसतं, आणि पुढचं वाक्य सुरू करवत नाही.